पेशीविभाजन: रेघ एकपेशीय-बहुपेशीयमध्ये मारू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

'साध्या आणि गुंतागुंतीच्या सजीवांतील पेशीविभाजनातला फरक लिहा' असा प्रश्न आला की बहुतेक मुलं पानावर एक उभी रेघ मारतात. डावीकडे एकपेशीय, उजवीकडे बहुपेशीय. डावीकडे जिवाणू, अमीबा, पॅरामेशियम, यीस्ट. उजवीकडे कांदा, केळी, माणूस. डावीकडे द्विविभाजन, उजवीकडे सूत्री विभाजन (आधी केंद्रकातल्या गुणसूत्रांची समान वाटणी, मग पेशीची). तक्ता दिसायला नेटका असतो, पण पहिल्याच ओळीत चुकलेला असतो. मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. या धड्यातल्या निम्म्याअधिक चुका या एका रेघेपासून सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे.

रेघ मारायची ती केंद्रकावर. ज्या पेशीत केंद्रक नाही ती एका बाजूला, म्हणजे जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळे एकपेशीय सजीव). ज्या पेशीत केंद्रक आहे ती दुसऱ्या बाजूला, मग तो सजीव एका पेशीचा असो की अब्जावधी पेशींचा. या हिशोबाने तापीच्या डबक्यातला अमीबा हा दह्यातल्या जिवाणूचा नाही, रावेरच्या केळीचा सोबती ठरतो. हे एकदा पक्कं झालं की पुढचं बरंच आपोआप जागेवर बसतं.

मुलांचा दोष यात कमी आहे. पाठ्यपुस्तकात सूत्री विभाजन एका धड्यात आणि अलैंगिक प्रजनन दुसऱ्या धड्यात येतं. या दुसऱ्या धड्यात जिवाणू, अमीबा, पॅरामेशियम, युग्लीना असे सगळे 'द्विविभाजन' या एकाच मथळ्याखाली भेटतात. द्विविभाजन म्हणजे एकाचे दोन सजीव होणं, एवढंच. आत गुणसूत्रांची वाटणी कशी झाली, याबद्दल तो मथळा काहीच सांगत नाही. अमीबाचं शरीर दोन होतं हे द्विविभाजन, आणि त्यासाठी त्याचं केंद्रक सूत्री पद्धतीने विभागतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. उत्तरात दोन्ही लिहा.

जिवाणूत काहीच यंत्रणा नाही, असं समजणं

'जिवाणू साधा असतो, म्हणून तो नुसता मधोमध तुटतो.' हे वाक्य मी दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी लाल शाईने खोडतो. आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचं उदाहरण घ्या. पेशीची लांबी साधारण 2 मायक्रोमीटर. आतला डीएनए गोल, सुमारे 46 लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या). सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पेशीच्या शेकडो पट लांब. एवढा धागा आत घडी घालून ठेवायचा, त्याची नक्कल करायची, दोन्ही नकला दोन बाजूंना न्यायच्या आणि मग बरोबर मधोमध भिंत घालायची, हे आपोआप होत नाही. एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं एक कडं पेशीच्या मध्यावर तयार होतं आणि त्याच जागी नवी भित्ती उभी राहते. हे कडं 1991 मध्ये बाय आणि लुटकेनहाउस यांनी दाखवलं. ते टोकाला तयार होऊ नये म्हणून वेगळी प्रथिनं पहारा देतात. जिथे डीएनए अजून पसरलेला आहे तिथे कडं बसू न देणारीही व्यवस्था आहे.

आता एक कोडं. हे मी वर्गात मुद्दाम घालतो, कारण इथे मुलं खरी जागी होतात. चांगलं अन्न आणि 37 अंश तापमान मिळालं तर ई. कोलाय सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याच्या संपूर्ण डीएनएची एक नक्कल व्हायला जवळपास 40 मिनिटं लागतात. नक्कल एकाच ठिकाणी सुरू होते आणि दोन्ही दिशांनी सेकंदाला सुमारे 1,000 बेस या वेगाने पुढे जाते. 46 लाखांचे दोन भाग करून भागाकार केलात तरी हिशोब तिथेच येतो. मग 20 मिनिटांत विभाजन कसं जमतं?

जमतं, कारण पहिली नक्कल संपायची वाट न पाहता जिवाणू दुसरी सुरू करतो. जन्माला येणाऱ्या पेशीत पुढच्या पिढीची नक्कल आधीच अर्ध्यावर आलेली असते. आपल्या पेशीत हे चालत नाही. एका चक्रात डीएनएची नक्कल एकदाच, ती पूर्ण झाल्याशिवाय विभाजन नाही, आणि विभाजन झाल्याशिवाय दुसरी नक्कल नाही. फरक लिहायचाच असेल तर हा लिहा. 'लहान-मोठा', 'सोपं-अवघड' असल्या शब्दांपेक्षा याला कितीतरी वजन आहे.

दर 20 मिनिटांनी दुप्पट म्हणजे 10 तासांत 30 वेळा दुप्पट. एका पेशीच्या 107 कोटींहून जास्त पेशी होतात. गणित बरोबर आहे, पण ते अखंड चालतं असं लिहू नका. विरजण लावलेल्या दुधात आम्ल वाढत जातं आणि त्या आम्लातच जिवाणूंची वाढ मंदावते. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दही झटपट लागतं आणि लवकर आंबटही होतं. दोन्हींमागे हेच विभाजन आहे.

'जिवाणूचा डीएनए नेहमी गोल आणि नेहमी एकच' हेही सरसकट लिहू नका. कॉलऱ्याच्या जिवाणूत दोन गुणसूत्रं असतात. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र लांब, सरळ असतं. 'बहुधा' हा शब्द घातला की वाक्य निर्दोष होतं.

केंद्रक असलेले सगळे एकसारखे विभागतात, असं समजणं

रेघ योग्य जागी मारल्यावर मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात. केंद्रक आहे ना, मग सगळीकडे केंद्रकावरण विरघळतं, गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतू येतात, गुणसूत्रं मध्यावर रांगेत लागतात. तसं नाही. यीस्टमध्ये सूत्री विभाजन होतं, पण केंद्रकावरण शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि तर्कुतंतू आतल्या आत तयार होतात. पॅरामेशियममध्ये दोन प्रकारची केंद्रकं असतात. लहान केंद्रक नीट सूत्री पद्धतीने विभागतं. मोठ्या केंद्रकात जनुकांच्या शेकडो प्रती असतात, ते ताणलं जाऊन दोन होतं आणि त्यात गुणसूत्रांची काटेकोर वाटणी नसते. पॅरामेशियम आडवा विभागतो, युग्लीना उभा. हिवतापाचा परजीवी तर तांबड्या पेशीत आधी केंद्रकंच अनेक करून घेतो आणि मग एकदम अनेक पेशी सुट्या होतात.

तरीही हे सगळे केंद्रकाच्याच बाजूचे, आणि त्यांचं आपल्याशी नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. विभाजनाचं चक्र पुढे ढकलणारं एक जनुक पॉल नर्स यांना एका यीस्टमध्ये सापडलं होतं. 1987 मध्ये त्यांनी आणि मेलानी ली यांनी दाखवलं की त्या यीस्टमधलं हे जनुक बिघडलं असताना माणसाचं तेच जनुक त्यात घातलं तर यीस्ट पुन्हा विभागू लागतं. लीलंड हार्टवेल यांनी पावाच्या यीस्टवर काम केलं, टिम हंट यांनी समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन) अंड्यांवर. तिघांना 2001 चं नोबेल मिळालं. कर्करोगात पेशी का बेफाम वाढतात हे समजून घ्यायची वाट पाव फुगवणाऱ्या एका पेशीतून गेली. 'यीस्ट साधा, माणूस गुंतागुंतीचा' असं लिहिणाऱ्या मुलाला हे सांगितलं की तो तक्ता स्वतःच खोडतो.

'एकपेशीय सजीवांत अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं) नसतं' हेही चूक. यीस्ट उपाशी पडलं की अर्धगुणसूत्री विभाजन करून बीजाणू तयार करतं. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शैवालही ते करतं. ते नसतं फक्त केंद्रक नसलेल्या बाजूला.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. केळीच्या पानातल्या पेशीचं केंद्रक तर्कुतंतूंनी विभागतं, पण त्याच पेशीतली हरितलवकं विभागताना एफटीएसझेड प्रथिनाचंच कडं वापरतात. हरितलवकाचा पूर्वज एक स्वतंत्र जिवाणू होता, त्याची ही खूण. दोन्ही पद्धती एकाच पेशीत, एकाच पानात. विषाणूंना मात्र या तक्त्यात जागाच नाही. केळीवरचा सीएमव्ही पेशी नसल्यामुळे विभागत नाही, तो यजमान पेशीकडून स्वतःच्या प्रती बनवून घेतो.

कांद्याच्या मुळाचा प्रयोग फसतो तेव्हा

'सर, सगळ्या पेशी सारख्याच दिसताहेत.' कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन बघायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या दहापैकी आठ मुलांची हीच तक्रार. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं आणि सगळ्यात जास्त सापडणारं कारण: मुळाचा चुकीचा भाग घेतला. विभागणाऱ्या पेशी टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच असतात. त्याच्या वरच्या पेशी लांब होत असतात, विभागत नसतात. मूळ बाटलीतून काढताना दोन्ही टोकं सारखीच दिसतात आणि कापलेलं टोक हाती येतं. रंग चढल्यावर खरं टोक जास्त गडद दिसतं, कारण तिथे केंद्रकं दाटीने असतात. तेवढंच कापून ठेवा, बाकीचं काढून टाका.

दुसरं कारण कांद्यातच असतं. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून काही कांद्यांना गॅमा किरण दिले जातात. आपल्या शेजारी लासलगावला त्याचं केंद्र आहे. किरणांनी शेंड्याच्या विभागणाऱ्या पेशीच थांबतात, म्हणून असल्या कांद्यावर हा प्रयोग करायला जाऊ नका. शेतकऱ्याकडचा साधा कांदा घ्या, जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढा आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा. आपल्याकडे प्रॅक्टिकल येतात उन्हाच्या तोंडावर. ग्लास खिडकीत ठेवला तर पाणी कोमट होतं आणि बूड सडतं. माठाच्या शेजारी, सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की सकाळीच तोडा आणि एक भाग ॲसेटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात 24 तास ठेवा. हे मिश्रण ताजंच करायचं. आदल्या वर्षीच्या बाटलीतलं वापरून प्रयोग वाया घालवू नका.

तिसरं, मूळ मऊच झालेलं नसतं. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम केल्याशिवाय त्या सुट्या होत नाहीत आणि काचेवर नुसता गोळा दिसतो. ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग) टाकल्यावर काच दिव्यावरून हलकी फिरवा. उकळी आली तर रंगाचे कण जमतात आणि मुलं त्यांनाच गुणसूत्रं समजतात. मग कव्हरस्लिप ठेवा, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात. पेन्सिलच्या मागच्या बाजूने चार टिचक्या आधी मारल्या तर पेशी आणखी छान पसरतात.

आणि हे सगळं बरोबर करूनही बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेतच दिसणार. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. चक्राचा बहुतेक काळ पेशी त्याच अवस्थेत असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं धरलं, तर प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो. 'इंटरफेज म्हणजे विश्रांती' असं लिहू नका. डीएनएची नक्कल याच काळात होते. काच शांतपणे सरकवत राहा. मध्यावस्थेची (गुणसूत्रं मध्यावर रांगेत लागलेली) एक पेशी सापडली की डोळा बसतो, मग बाकीच्या आपोआप सापडतात.

जर्नलमध्ये मात्र दिसेल तेच काढा. पुस्तकातलं चित्र उतरवणारी मुलं कांद्याच्या पेशीत दोन टोकांना ताऱ्यासारखी तारककेंद्रं (प्राण्यांच्या पेशीत तर्कुतंतू जिथून निघतात ते कण) काढतात आणि तिथेच पकडली जातात. कांद्यात, केळीत, कुठल्याच सपुष्प वनस्पतीत तारककेंद्र नसतं. तर्कुतंतू त्याच्याशिवाय तयार होतात. परिकल विभाजनही (केंद्रकानंतर बाकीच्या पेशीची वाटणी) वेगळं: प्राण्याच्या पेशीला बाहेरून आत खाच पडत जाते, वनस्पतीत पेशीपटल (नव्या भिंतीची सुरुवात) मधून सुरू होऊन कडेकडे वाढतं.

मोजणीतल्या चुका

गुणसूत्रं मोजताना गुणसूत्रबिंदू (दोन्ही नकला जिथे जोडलेल्या असतात ती जागा) मोजा, क्रोमॅटिड (त्यातली एकेक नक्कल) नाही. कांद्यात 16 गुणसूत्रं असतात. नक्कल झाल्यावर क्रोमॅटिड 32 होतात, गुणसूत्रं 16 च राहतात. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू सुटे झाले की त्याच पेशीत तेवढ्यापुरती 32 गुणसूत्रं होतात, आणि शेवटी प्रत्येक पेशीला 16. अर्धगुणसूत्री विभाजनात पहिल्या टप्प्यात सजातीय जोड्या विलग होतात आणि 16 ची 8 होतात. दुसऱ्या टप्प्यात क्रोमॅटिड विलग होतात आणि 8 ची 8 च राहतात. '8 ची 4' लिहिणारी मुलं दर परीक्षेत भेटतात.

गुणसूत्रांच्या संख्येवरून सजीव किती गुंतागुंतीचा हेही ठरवू नका. माणसात 46, बटाट्यात 48. गायीत 60, म्हशीत 50. आपल्या शेतातल्या अमेरिकन कपाशीत 52, देशी कपाशीत 26.

केळीबद्दलचा गैरसमज

'टिश्यूकल्चर आलं आणि केळीच्या बिया गेल्या', हे मी पारावरही ऐकलं आहे आणि उत्तरपत्रिकेतही वाचलं आहे. टिश्यूकल्चर येण्याआधी मुनव्यांपासून (झाडाच्या बुडाशी फुटणारे कोंब) लावलेल्या बसराई वाणालाही बिया नव्हत्या. कारण केळीच्या पेशीत आहे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्यांत 11 गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 33. सूत्री विभाजनाला याची काहीच अडचण नाही. 33 ची नक्कल होते, 33 वाटली जातात. अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र जोड्या लावाव्या लागतात, आणि तिघांची जोडी सुरळीत लागत नाही. परागकण आणि बीजांडं निकामी निघतात. फळ फलनाशिवायच भरतं. पिकलेलं केळ आडवं कापलं की मधे जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती बी न झालेली बीजांडं.

म्हणजे मृगबाग असो की कांदेबाग (केळीलागवडीचे दोन हंगाम), अख्खा केळीपट्टा सूत्री विभाजनावर उभा आहे. मुनव्यात तेच होतं आणि टिश्यूकल्चरच्या बाटलीतही तेच. बाटलीत फक्त कोंबाच्या शेंड्यातल्या पेशींना भरपूर वेळा विभागायला लावतात. त्यात जनुकं बदललेली नसतात. एक धोका मात्र खरा आहे: एकाच मातृझाडापासून फार वेळा पुढे पुढे वाढवत नेलं तर नकलेतल्या आणि वाटणीतल्या चुका साठत जातात आणि बागेत बुटकी, वेडीवाकडी झाडं निघतात. रोपं घेताना किती वेळा पुनर्वाढ केली आहे हे विचारा.

'सूत्री विभाजन वाढीसाठी, अर्धगुणसूत्री प्रजननासाठी' हे वाक्यही केळीपुढे टिकत नाही. केळीचं प्रजनन सूत्री विभाजनानेच चाललंय.

औषधांकडे पाहिलं की रेघ पक्की होते

पेनिसिलीन जिवाणूला नवी भित्ती बांधू देत नाही. ती भित्ती आपल्या पेशींना नाही, यीस्टला नाही, हिवतापाच्या परजीवीलाही नाही. म्हणून यीस्टसारख्या बुरशीच्या संसर्गावर पेनिसिलीनचा उपयोग नसतो. उलट, सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसीन असतं. ते तर्कुतंतू बनू देत नाही, त्यामुळे कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं मध्येच अडकून पडतात. जिवाणूत तर्कुतंतू नाहीत, त्याला याचं काही वाटत नाही. दारातल्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टीन आहे. तेही तर्कुतंतूंवरच घाव घालतं, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर डॉक्टर ते मोजून-मापून देतात. मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावून खाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ते थांबवा.

चारातला एक म्हणजे चौथं मूल नव्हे

ही चूक गुण घालवत नाही, घरं मोडते. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यापर्यंत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची कुटुंबं आहेत. आई-वडील दोघंही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण जोडीतल्या एका गुणसूत्रावर दोष आहे) असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, हे पुष्कळांना पाठ असतं. त्यावरून लोक काढतात ते असं: पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुरक्षित. आईच्या प्रत्येक बीजांडात आणि वडिलांच्या प्रत्येक शुक्राणूत, अकराव्या गुणसूत्राच्या जोडीतलं एकच गुणसूत्र जातं, आणि कोणतं जाईल याची निवड प्रत्येक खेपेला नव्याने होते. पहिल्या मुलाच्या वेळी काय झालं याचा दुसऱ्यावर काहीही परिणाम नाही. प्रत्येक गर्भारपणात शक्यता पुन्हा तीच: चारात एक आजारी, चारात दोन वाहक, चारात एक दोन्हींपासून मुक्त. आजारी मुलासाठी आईला बोल लावणंही चूक, कारण दोन्ही बाजूंचं दोष असलेलं गुणसूत्र आल्याशिवाय हा आजार होत नाही. वाहक आहे की नाही हे साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही करून घ्यावी. लग्न झालेलं असेल तर दिवस गेल्याचं कळताच पहिल्या महिन्यांतच करावी, कारण दोघं वाहक निघाले तर गर्भाची तपासणी वेळेत करता येते.